शाखावळीत नसलेली माणसे

पुण्याची मंडई आज ज्या महात्म्याच्या नावाने ओळखली जाते, त्याचाच या वास्तूला विरोध होता, हे तेथे रोज भाजी घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी मंडईच्या इमारतीवर होणाऱ्या प्रचंड खर्चास हरकत घेतली होती. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. इमारत व्हायची ती झालीच. १८८६ साली शुक्रवार पेठेत ती उभी राहिली, गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 'रे मार्केट'ची 'महात्मा फुले मंडई' झाली.

याच जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील हबशी गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. ग्रंथातील इतिहासाच्या मांडणीविषयी मतभेद असू शकतात, अनेकांचे आहेत. परंतु एकात्मता स्तोत्रात ज्यांचे नाव श्रद्धेने घेतले जाते, त्यांनी सातासमुद्रापलीकडच्या दास्याची आठवण पुण्यात बसून का करावी, हा प्रश्न मतभेदाने मिटत नाही.

अमेरिकेतील त्या दास्याचे खरे स्वरूप मळेवाल्यांच्या मृत्युपत्रांत दिसते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या पिढीच्या मिळकतीत जमीन, घोडे, चांदीची भांडी आणि माणसे एकाच यादीत येत. व्हर्जिनियात १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरवला. बाप मालक असला तरी दासीचे मूल मालकाची मालमत्ताच राही. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथे १७९९ साली ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ स्वतः वॉशिंग्टन यांचे, तर १५३ पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या मिळकतीतून तहहयात उपभोगासाठी आलेले. उरलेले बहुतेक भाड्याने आणलेले होते. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात आपल्या गुलामांच्या मुक्ततेची तरतूद केली, पण त्या १५३ जणांना हात लावण्याचा अधिकार त्यांना नव्हता. दोन्ही गटांत सोयरिकी झालेल्या होत्या. १८०१ मध्ये नवरा मोकळा झाला आणि बायको-मुले १८०२ मध्ये मार्थाबाईंच्या चार नातवंडांच्या वाटणीत गेली, असे प्रसंग यातून ओढवले.

थॉमस जेफरसन यांची कथा याहून विदारक आहे. सासरे जॉन वेल्स १७७३ साली वारले आणि त्यांचे १३५ गुलाम मुलगी-जावयाच्या घरी आले. त्यांत सॅली हेमिंग्ज नावाची तान्ही मुलगी होती. ती वेल्स यांचीच दासीपासून झालेली मुलगी, म्हणजे जेफरसन यांच्या पत्नीची सावत्र बहीण, असे बहुतेक इतिहासकार मानतात. बहिणीला बहीण वारशाने मिळाली! पुढे सॅलीच्या मुलांचे पितृत्वही जेफरसन यांच्याकडेच जाते, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. जेफरसन कर्ज ठेवून गेले आणि जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलो येथे १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. जोतीरावांचा जन्म याच १८२७ सालचा.

हे सारे वाचून पश्चिमेच्या ढोंगीपणावर बोट ठेवणे सोपे आहे आणि ते अयोग्यही नाही. पण मंडईपासून शनिवारवाडा पायी पंधरा मिनिटांवर आहे. त्या वाड्यात आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेल्या पेठांतील सरदार-सावकारांच्या वाड्यांत दळण, सडा-सारवण, गोठा आणि कोठीचे धान्य निवडणे ही कामे कोण करीत असे? पेशव्यांच्या रोजनिशा आणि पेशवे दप्तरातील कागद याचे उत्तर निःसंदिग्ध देतात. ही कामे कुणबिणी आणि बटकी करीत. 'कुणबीण' या शब्दाने कोणाची फसगत होऊ नये. येथे त्याचा अर्थ कुणबी जातीची स्त्री असा नसून विकत घेतलेली, बक्षीस मिळालेली किंवा सरकारने दंड म्हणून दास्यात घातलेली स्त्री असा आहे. कोणी स्वारीत पकडून आणलेली, कोणी दुष्काळात आईबापांनीच पोटासाठी विकलेली, तर कोणी व्यभिचाराचा आरोप शाबीत झाल्यामुळे सरकारजमा झालेली. अशा स्त्रियांची रवानगी किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागांत होई. पोटाला शेर आणि अंगाला लुगडे एवढाच त्यांचा मुशाहिरा. कुणबीण विकता येई, देणगी देता येई, लेकीबरोबर सासरी पाठवता येई, आणि धनी वारला की ती वारशाने पुढच्या पिढीकडे जाई. म्हातारपणी सुटका मिळावी म्हणून कोणी पैसे भरी, कोणी बदली दुसरी बाई देई. म्हणजे एकीची सुटका दुसरीच्या गळ्यात पडे.

तिची मुले धन्याच्या घरीच वाढत. त्यांना लेकावळे म्हणत. त्यांच्या वाट्याला काय येई, याचे उत्तर धर्मशास्त्राने जातीप्रमाणे निरनिराळे दिले होते. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा यांच्या मते शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या इच्छेने हिस्सा मिळू शके आणि बापामागे औरस भावांनी त्याला अर्धा वाटा द्यावयाचा असे. त्रैवर्णिकांच्या दासीपुत्राला मात्र अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता. व्हर्जिनियाच्या कायद्यात एवढीही वाट नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या वर्गाचे वाडे सर्वांत मोठे, त्याच वर्गाच्या घरी लेकावळ्याचा वाटा सर्वांत लहान, हेही त्याच पानावर लिहिलेले आहे. इंग्रजी न्यायालयांना हा वाद पुढे बराच काळ पुरला. १८७५ मध्ये 'राही विरुद्ध गोविंद' या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयात दासीपुत्राच्या हक्काचा खल झाला. १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी माणसावरील मालकी मानणे बंद केले होते आणि १८६२ पासून अमलात आलेल्या दंड संहितेने गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली होती. तरी दासी गेली आणि दासीपुत्र उरला, अशी ती अवस्था होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अनौरस संततीचे नाते मुख्यतः आईशीच जोडले आणि दासीपुत्राचा तो जुना अर्धा वाटाही इतिहासजमा झाला.

येथे दोन प्रतिवाद हटकून होतील. पहिला असा की, दास्य ही परकीय राजवटींची देणगी. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी डच व्यापाऱ्यांना दिलेल्या कौलात माणसांच्या खरेदी-विक्रीस साफ मनाई केली होती; पूर्वीच्या अमलात ती मोकळीक होती, आपल्या राज्यात ती चालणार नाही, असा त्याचा आशय आहे. सतराव्या शतकात युरोपातील कोणत्या राजाने आपल्या व्यापाऱ्यांना असे बजावले होते? हा अभिमानाचा विषय आहेच. परंतु तोच कौल या प्रतिवादाचे उत्तरही आहे. थोरल्या महाराजांना जे त्याज्य वाटले, ते त्यांच्याच नावाने चालणाऱ्या राज्यात शंभर वर्षांच्या आत वाड्यावाड्यांत रुजलेले होते. त्यासाठी परकीयाला जबाबदार धरता येत नाही.

दुसरा प्रतिवाद असा की, आपल्याकडे कुणबिणीला घरच्यासारखे वागवीत. काही घरी तसे होतही असेल. कापसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांवरील चाबूक पुण्यात नव्हता, संख्याही तशी नव्हती. पण 'घरच्यासारखे' या शब्दातील 'सारखे' पुरेसे बोलके आहे. अमेरिकेतील मळेवालेही आपल्या गुलामांना 'आमचे कुटुंब' म्हणत.

खरा फरक नंतरच्या काळात पडला. मॉन्टिसेलोच्या संस्थेने १९९३ पासून तेथील गुलामांच्या वंशजांच्या आठवणी गोळा करण्यास आरंभ केला. हेमिंग्ज घराण्याविषयी १९९८ मध्ये जनुकीय चाचणी झाली. जेफरसन यांच्या गोऱ्या वंशजांच्या मंडळाने २००२ मध्ये हेमिंग्ज वंशजांना आपल्यात घेण्याचे नाकारले. मात्र ते नाकारणेही उघड सभेत मतदान घेऊन झाले. भांडायला समोर नावानिशी माणसे होती. महाराष्ट्रात असे भांडणच उभे राहत नाही, कारण भांडणारा शिल्लक ठेवलेला नाही. लेकावळ्यांचे वंशज शे-दोनशे वर्षांत निरनिराळ्या जातींत मिसळून गेले. एका अर्थी हे समाजाच्या पचनशक्तीचे लक्षण आहे, पण त्याबरोबर त्या आयांची नावेही पचून गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून मराठी घराण्यांनी कुलवृत्तान्त छापण्याचा जो उद्योग केला, त्याला भारतात क्वचितच तोड सापडेल. कोण कोठून देशावर आला, कोणाला इनाम मिळाले, कोण पानिपतावर पडला, हे पिढ्यान्‌पिढ्या खपून लोकांनी जमवले. पूर्वीच्या शाखावळ्यांत फक्त पुरुष असत. पुढच्या आवृत्त्यांत सुनांची माहेरची आणि लेकींची सासरची नावे आली, आणि त्याने कुळाचा मान कमी झाला नाही. ज्या बाईने या कुळाच्या चार पिढ्यांचे दळण दळले, तिच्यासाठी मात्र अजून पान निघालेले नाही.

कागद आहेत. पुणे पुराभिलेखागारात, भारत इतिहास संशोधक मंडळात आणि कित्येक घरांच्या माळ्यावरील बासनांत ते आहेत. मोडी वाचणारे मात्र विरळ होत चालले आहेत. एखाद्या कुलमंडळाने मनावर घेतले, तर आपल्या घराण्याच्या जमाखर्चांत आणि यादींत आलेल्या कुणबिणींची नोंद मोडीतून बाळबोधीत उतरवून पुढच्या आवृत्तीला परिशिष्ट जोडणे हे वर्षभराचे काम आहे. नाव, गाव, घरात आल्याचे साल, कशी आली, मुले किती, सुटका झाली की नाही, एवढे सहा रकाने पुरतील. नाव सापडणार नाही तेथे रकाना मोकळा ठेवू नये. जुन्या कारकुनाने कागदावर जे टिपले असेल, 'कुणबीण एक' एवढेच का असेना, ते जसेच्या तसे लिहावे.