कियांती, हिरडा आणि आपली जीभ

मद्यावर मराठीत दोनच प्रकारे लिहिता येते, असे आपण ठरवून टाकलेले दिसते. एक वाट गडकऱ्यांची. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आला आणि तेव्हापासून आपल्या प्रत्येक प्याल्यात सुधाकराचा सर्वनाश आधीच ओतलेला असतो. दुसरी माधव जूलियनांची. तिथे खय्यामची सुरा आहे, पण ती प्रेमाची, क्षणभंगुरतेची, बंडखोरीची. फक्त द्राक्षांची नाही. पातक आणि प्रतीक यांच्यामध्ये चव नावाची एक वस्तू असते, हे आपल्या गद्याच्या गावीही नाही.

पुरवण्यांतली वाइनविषयक सदरे ही उणीव भरून काढतात, असे म्हणावे तर तिथे 'ब्लॅककरंट', 'सीडार', 'जुने चामडे' यांची रांग लागलेली. ब्लॅककरंट आपल्याला ठाऊक आहे ते आइसक्रीमपुरते. ज्या शब्दामागे वाचकाच्या जिभेवर काहीच उमटत नाही, त्याला वर्णन म्हणायचे की नुसता रुबाब? बरे, ही सदरे शिफारस करतात तीही किमतीचा उच्चार टाळून. वाचकाचे पैसे हिशेबात न धरणारी समीक्षा ही जाहिरातच असते, मग ती पुस्तकाची असो वा बाटलीची.

म्हणून एक शिफारस सरळ करून टाकतो : कियांती. (आपल्याकडे 'चियांती' म्हणतात; उच्चार 'क'चाच.) तस्कनीतली ही तांबडी वाइन परंपरेने मिश्रणाची. इटलीचे पंतप्रधानपद भूषवलेले बॅरन बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये एका पत्रात या मिश्रणाचे गणित मांडले : सांजोवेझे द्राक्षाने गंध आणि जोम द्यावा, कानायोलोने त्याचा कडकपणा मऊ करावा, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडे पांढरे माल्वाझिया घालावे. आज साध्या कियांतीत किमान ७० टक्के सांजोवेझे असावे लागते. बाटलीवर 'रिझेर्वा' लिहिलेले दिसले की भारावून जाऊ नये. ती अधिक काळ मुरवलेली आणि म्हणून महाग. आयात वाइनवर आपल्याकडे अनेक वर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क होते. शुल्क मूल्यावर बसते, त्यामुळे मूळ किमतीतला फरक दुकानात येईपर्यंत फुगतो. साधी, अलीकडच्या सालाची बाटली घ्यावी. ती तरुणपणीच प्यायची असते.

आता चव. सांजोवेझे आंबट आणि तुरट आहे. हे दोन शब्द पुरेत, आणि ते आपलेच आहेत. गंमत अशी की पाश्चात्त्यांच्या जुन्या चार चवींत तुरटपणाला स्थान नव्हते. तिथे तो तोंडातला एक स्पर्श. आपल्या षड्रसांत मात्र 'कषाय' हा मानाचा सहावा रस. त्याचे उत्तम उदाहरण हवे असेल तर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम खोऱ्यांत जावे. तिथले महादेव कोळी उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात. हिरड्यात टॅनिन भरपूर. कातडी कमावायला तो त्यासाठीच वापरतात. म्हणजे सदरवाल्यांना वाइनमध्ये ज्या 'चामड्या'चा वास येतो, ते कमावणारे फळ आपल्या दारात आणि त्याची चव आपल्या शब्दकोशात! वाइनमधला तुरटपणाही टॅनिनचाच. करवंद, जांभूळ, आमसूल ही नावे घेतली तर आंबेगावच्या मुलालाही कियांती न पिता कळेल. पण ती नावे लिहायला आपल्याला गावंढळ वाटतात.

हा न्यूनगंड नारायणगावने फार जवळून पाहिला आहे. शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने १९८०च्या दशकात, पायपर-हाइडसिक या फ्रेंच शॅम्पेन घराण्याच्या तांत्रिक साहाय्याने, इथे फेसाळती वाइन तयार केली. प्रयत्न असामान्य होता. पण बाटलीवरची नावे पाहा : 'मार्किज द पाँपादूर', 'ओमर खय्याम'. फ्रेंच राजाची प्रेयसी चालली, फारसी कवी चालला. ज्या मातीत ही वाइन झाली तिचे नाव तेवढे चालले नाही. पुढे कंपनी कर्जात बुडाली, तो वेगळा विषय.

परक्या वाइनचे कौतुक कशाला, असा आक्षेप येईल. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे, आणि पहिली पसंती इटालियनला. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले. तेव्हा सोवळे जरा बेताने.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे यावर रणकंदन झाले. वाइन दारूच आहे. कियांतीत बारा-तेरा टक्के अल्कोहोल असते आणि ते यकृताला तितकेच ओळखते. दारूने घरे उद्ध्वस्त होतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो नाव बदलले की वस्तू बदलते असे मानणाऱ्यांशी. त्या वादात कोणीही चवीबद्दल एक वाक्य बोलल्याचे मला आठवत नाही.

ज्यांना प्यायचीच आहे त्यांच्यासाठी इतकेच : टोमॅटोच्या आंबटपणाला कियांती बरोबर उतरते, आणि नारायणगाव तर टोमॅटोचा मोठा बाजार. मासवडीचा रस्सा मात्र जपून. तिखट आणि टॅनिन एकमेकांना चढवतात. रस्सा थोडा सौम्य ठेवावा, बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच उघडावी, आणि वडीतल्या तीळ-खोबऱ्याबरोबर घोट घ्यावा.