ब्रिस्केटला घाई चालत नाही

ब्रिस्केट म्हणजे गाईबैलाच्या छातीचं मांस. आमच्या टेक्सासमध्ये त्याला मीठ-मिरी चोळून ओकच्या लाकडाच्या धुरावर, २२५ ते २५० फॅरनहाइटला, दहा-बारा तास तरी ठेवतात. घरी करताना लोक नेमकी एकाच ठिकाणी घाई करतात. मांस १६० च्या आसपास आलं की थर्मामीटरचा काटा तासन् तास हलतच नाही. मग सगळे बाबालोक कोळसे वाढवतात! खरं तर मांसातलं पाणी वर येतं, त्याची वाफ होते आणि मांस गार राहतं, आजीच्या माठासारखं. पाहिजे तर जाड कागदात गुंडाळा, पण आच वाढवू नका. त्यातले चिवट धागे विरघळायला वेळ लागतोच. काटा २०० च्या जवळ गेला की लोण्यात जावी तशी सुरी जाते. बाटलीतला धूर लावून ओव्हनमध्ये केलेल्याला मी तरी बार्बेक्यू म्हणणार नाही.

आणखी एक. आपल्या वर्गात बरेच जण गाईचं मांस खात नाहीत, माझी आजीसुद्धा. सहलीला त्यांची मक्याची कणसं त्याच जाळीवर भाजू नयेत. "पुसून घेतली ना" हे उत्तर मला पटत नाही. दुसरी जाळी आणा, आणि चिमटाही दुसरा.