दयेच्या बाजारातील मुले

परोपकाराचे मोल हेतूवरून ठरवावे की परिणामावरून, हा वाद जुनाच आहे. अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील ख्रिस्ती मंडळ्यांतर्फे गरीब देशांत ज्या अल्पमुदतीच्या सेवायात्रा निघतात, त्यांच्या बाबतीत मात्र हा वाद केवळ तात्त्विक राहिलेला नाही. सुटीच्या दिवसांत काही तरुण वर्गणी जमवून हैती, युगांडा किंवा कंबोडिया अशा एखाद्या देशातील अनाथाश्रमात जातात. आठवडा-दोन आठवडे मुलांशी खेळतात, गाणी शिकवतात, बायबलमधील गोष्टी सांगतात, भिंती रंगवतात, खाऊ वाटतात आणि भरल्या डोळ्यांनी परततात. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्यांच्या येण्याजाण्यामुळे त्या मुलांच्या आयुष्यात नेमके काय घडते?

या प्रश्नाचे पहिले उत्तर धक्कादायक आहे. यांतील बहुसंख्य मुले अनाथ नसतातच. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांची आई किंवा वडील हयात होते, असे तेथील सरकार व युनिसेफ यांच्या २०११ मधील पाहणीत आढळले. ख्मेर रूजची भीषण राजवट तर १९७९ सालीच संपली होती. या पाच वर्षांत अनाथांची संख्या एकाएकी वाढावी असे तेथे काहीही घडले नव्हते. वाढले होते ते पर्यटक आणि देणगीदार.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. एखाद्या वस्तूला मागणी आली की तिचा पुरवठा करणारे निघतातच. दुर्दैव हे की, येथे ती 'वस्तू' म्हणजे मूल असते. नेपाळचे उदाहरण बोलके आहे. यादवी युद्धाच्या काळात (१९९६ ते २००६) हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यातील आईबापांना मुलांच्या शिक्षणाचे आमिष दाखवून, वर त्यांच्याकडूनच पैसे घेऊन, दलालांनी मुले काठमांडूस आणली. २०१४ मधील एका अहवालानुसार, देशाच्या तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी पर्यटकांची वर्दळ असलेल्या अवघ्या पाच जिल्ह्यांत सुमारे ९० टक्के बालगृहे एकवटली होती. अनाथपण काही पर्यटनस्थळे पाहून येत नाही. तेव्हा ही बालगृहे गरजेच्या मागे गेली नसून पैशाच्या मागे गेली, हाच निष्कर्ष काढावा लागतो. शिवाय देणगी मुलांच्या डोक्यांवर मिळत असेल, तर मूल घरी परत पाठवणे हा संस्थेच्या दृष्टीने तोटाच ठरतो. आणि मुले जितकी दीनवाणी दिसतील तितके पाहुण्यांचे हात सैल सुटतात.

हेतू शुद्ध असूनही अनर्थ कसा ओढवतो, याचे उदाहरण हैतीत दिसले. जानेवारी २०१० मधील भूकंपानंतर बाप्टिस्ट पंथाचे १० अमेरिकन स्वयंसेवक ३३ मुलांना योग्य कागदपत्रांविना डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेत असताना सीमेवर पकडले गेले. त्या मुलांपैकी बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. मुलांना शाळा मिळेल, पोटभर अन्न मिळेल, या आशेने त्यांनी ती स्वाधीन केली होती. अपहरणाचा आरोप पुढे मागे घेण्यात आला. परंतु 'गरीब' या शब्दाचा अर्थ 'अनाथ' असा लावण्याची घाई किती महागात पडते, हे त्यावरून जगाला कळले.

आता मुलांच्या मनाचा विचार करू. पाहुणा दारात येताच ही मुले धावत येऊन त्याला बिलगतात आणि पाहुणा गहिवरतो. वास्तविक कोणाही परक्याला असे बिलगणे हे मायेला पारखे झाल्याचे एक लक्षण मानले जाते. लळा लावून दोन आठवड्यांनी निघून जाणाऱ्या माणसांची रांग हा त्या जखमेवरचा उपाय नव्हे. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधील १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकावे तसे निवडून पालक-कुटुंबांत ठेवले गेले. संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा ती बुद्धीने व मनाने अधिक सावरली. जी लवकर, विशेषतः वयाच्या दोन वर्षांच्या आत घरात आली, ती सर्वांत अधिक.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्तही आहे. या संस्थांमुळे मुलांना निदान जेवण आणि शाळा तरी मिळते. शिवाय माणसे प्रत्यक्ष गेल्याखेरीज पैसाही जात नाही. हे खरे, पण मग जेवण आणि शाळा मुलाच्या घरापाशी का पोहोचू नये? घर सोडल्यावरच भाकरी मिळणार असेल, तर ती मदत घर मोडण्यासाठी दिलेले अनुदान ठरते. केवळ दारिद्र्य हे मुलाला कुटुंबापासून तोडण्याचे कारण असता कामा नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. २०१९ मध्ये आमसभेने अनाथाश्रम-पर्यटनाच्या अपायांचीही दखल घेतली. विमानाच्या एका तिकिटाच्या रकमेत त्या देशांतील किती मुलांचे शाळाशुल्क भागेल, हा हिशेब यात्रेकरूंनी निघण्यापूर्वी मांडावा.

आनंदाची गोष्ट अशी की, या प्रथेविरुद्ध ख्रिस्ती संस्थांमधूनही आवाज उठला आहे आणि काहींनी आपल्या अनाथाश्रमांचे रूपांतर कुटुंबांना साहाय्य करणाऱ्या केंद्रांत केले आहे. त्यांना आधार शोधायला धर्मग्रंथाबाहेर जावे लागत नाही. या सेवायात्रांसाठी नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा हवाला वारंवार दिला जातो. त्यात संकटातील अनाथांचा समाचार घ्यायला सांगितले आहे. पण त्याच वाक्यात विधवांचाही उल्लेख आहे. मुलाचा समाचार घेण्यासाठी समुद्र ओलांडायचा आणि त्याची विधवा आई जवळच्याच खेड्यात एकटी आहे याची चौकशीही करायची नाही, हे त्या वचनाचे अर्धेच पालन झाले.

हा दोष एका धर्माचा किंवा एका देशाचा मानण्याचे कारण नाही. आपल्याकडेही वाढदिवसाला अथवा वडिलांच्या पुण्यतिथीला अनाथाश्रमात पंगत वाढण्याची आणि मुलांसोबत छायाचित्र काढून घेण्याची रीत आहे. त्याच वेळी, संकटात सापडलेल्या कुटुंबांतील मुलांना संस्थेत न धाडता घरीच वाढवता यावे म्हणून मदत देणारी राज्य सरकारची बालसंगोपन योजना मात्र अनेकांना ठाऊकही नसते. शिक्षकाने वर्गातील अशा एखाद्या मुलाच्या आईला तिचा अर्ज भरून दिला, तर त्याचे छायाचित्र कोठेही छापून येणार नाही. परंतु एक मूल रात्री आपल्या घरी झोपेल. दयेचा हिशेब अखेर तेथेच मांडला गेला पाहिजे.