शिकारीच्या रानातील स्त्रिया

अमेरिकेत हौसेने शिकार करणाऱ्या स्त्रिया वाढत आहेत, अशा बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात. त्या वाचून आपल्याकडील काही मंडळी हळहळतात, तर काही टाळ्या वाजवितात. मला दोहोंतही घाई दिसते. आधी आकडे पाहावेत.

तेथील सरकारी पाहणीप्रमाणे १९९१ साली सुमारे १ कोटी ४१ लाख शिकारी होते. त्यांत स्त्रिया शेकडा ८. २०११ साली एकूण १ कोटी ३७ लाख, स्त्रिया शेकडा ११. २०१६ साली एकूण १ कोटी १५ लाख, स्त्रिया शेकडा १०. (२०२२ ची पाहणी निराळ्या पद्धतीने झाली, म्हणून ती येथे जुळवून पाहता येत नाही.) हिशेब केला तर १९९१ सालीही स्त्रिया सुमारे ११ लाख होत्या आणि २०१६ सालीही तेवढ्याच! मधल्या काळात संख्या चढली आणि उतरली. पुरुष मात्र पंचवीस लाखांहून अधिक घटले. स्त्रियांचे प्रमाण वाढले ते मुख्यतः पुरुषांनी रान सोडले म्हणून.

मग स्त्रियांचे एवढे स्वागत कशासाठी? १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कर वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळविला. त्याची राज्यांना होणारी वाटणी काही अंशी परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर ठरते. परवान्याची फी निराळीच. शिकारी घटले की रक्षणाचा पैसाही आटतो. १९९१ साली विस्कॉन्सिनमधील स्टीव्हन्स पॉइंट येथील विद्यापीठात स्त्रियांना रानातील कौशल्ये शिकविणारे वर्ग सुरू झाले व पुढे ते अनेक राज्यांत पसरले. त्यांमागे स्त्रियांविषयीची आस्था होती, यात मला शंका नाही. पण राज्यांना तिजोरीचीही काळजी होती, हे विसरता येत नाही.

आपल्या बडोद्याला या बातमीचे नवल वाटू नये. सयाजीरावांची नात, जयपूरच्या गायत्रीदेवी, यांनी कूचबिहारच्या रानात वयाच्या बाराव्या वर्षी बिबळ्या मारला होता. स्त्रीचा हात बंदुकीला चालतो की नाही, हा वाद तेव्हाच संपला. मात्र तो मान राजघराण्याचा होता. सामान्य घरातील मुलीला तो कोण देणार?

आपल्या देशात १९७२ चा कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी हौशी शिकारीचे दार स्त्री-पुरुष दोघांनाही बंद केले. ते योग्यच झाले, असे मी मानतो. पण रानाच्या रक्षणाचा पैसा कोठून यावा, हा अमेरिकेपुढील प्रश्न आपल्यापुढेही आहेच. तो कोणाच्या हाती बंदूक देऊन सुटत नाही, आणि भिंतीवरची जुनी शिंगे उतरवूनही सुटत नाही. शिकार सोडली म्हणजे रानाचे देणे फिटले, असे समजून आपण स्वस्थ तर बसलो नाही ना?