चेन वाजली म्हणून लगेच बदलू नका

गॅरेजवाला 'टायमिंग चेन गेली' म्हणाला की हप्त्यावर टॅक्सी घेतलेल्या आपल्या बांधवाच्या पोटात गोळा येतो. थोडे थांबा. पट्ट्याला असते तशी ठराविक किलोमीटरची मुदत चेनला सहसा नसते. आधी ऑइल पाहा. ते कमी किंवा जुने झाले की टेन्शनरला दाब मिळत नाही, चेन सैल पडून वाजते. ऑइल-फिल्टर बदला. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बॉनेट उघडून सुरू करा आणि ऐका. (रेडिओ बंद ठेवून!) खडखड तशीच राहिली तर मात्र भाडे मारू नका. चेन दात सोडून सरकली, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग खर्च साऱ्या इंजिनाचा. बदलताना टेन्शनर, गाईडही नवे घाला, जुने भाग मागून घ्या.