रविवार कुणाच्या बापाचा?

नारायण मूर्तींनी ऑक्टोबर 2023 मध्ये एका पॉडकास्टमध्ये सांगितलं की तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करायला हवं. तेव्हापासून हा विषय आमच्या कॅन्टीनमध्ये चहाबरोबरच्या पार्ले-जीसारखा रोज येतो. मग जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या सुब्रमण्यन साहेबांचा व्हिडिओ फिरला. ते थेट 90 वर गेले. वर रविवारी तुम्हाला कामाला लावता येत नाही याची खंत, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा सवाल!

सवाल विचारलाच आहे तर उत्तर देऊन टाकतो. रविवारी मी बायकोकडे फारसं बघत नाही, वेळच नसतो हो. सकाळचे पोहे माझ्याकडे. कांदा बारीक चिरायचा, शेंगदाणे आधी तळून बाजूला ठेवायचे, पोहे जास्त भिजवायचे नाहीत... हे सगळं घाईत होत नाही. मग मंडई. गवार कोवळी आहे का हे शेंग मोडून बघायचं आणि भाजीवाल्या मावशींची बोलणी खायची. घरी आल्यावर लेकीच्या सायकलची चेन बसवायची, पेपरची पुरवणी मागच्या पानापासून वाचायची, आणि जेवून पंखा तीनवर ठेवून आडवं व्हायचं. त्या झोपेतून चार वाजता उठल्यावर दोन मिनिटं वार कुठला तेच कळत नाही. ही दोन मिनिटं मला कुठल्याही बोनसपेक्षा प्यारी आहेत.

आता थोडं गणित, शेवटी इंजिनिअर आहे. 70 तास म्हणजे पाच दिवसांत रोज 14. कोथरूडहून हिंजवडी, जाऊन-येऊन तीन तास धरा (पाऊस पडला तर धरूच नका). झाले 17. सात तास झोपलात की दिवस संपला. आंघोळ, जेवण वगैरे किरकोळ बाबींसाठी शून्य मिनिटं. मग हे जेवण येतं कुठून, कपडे धुतं कोण, पोराला शाळेत कोण सोडतं, आईला डॉक्टरकडे कोण नेतं? 70 तासवाल्या प्रत्येक माणसामागे ही कामं करणारं दुसरं कुणीतरी असतं, आणि बहुतेक वेळा ती बाई असते. तिचे तास या भाषणांत कुणी मोजलेले मी तरी ऐकले नाहीत. आणि तीही नोकरी करत असेल तर? तिनेही 70 करायचे? मग पोरं बहुधा क्लाउडवर ठेवायची.

बरं, मालकाने 70 तास घातले तर त्याची कंपनी वाढते. आमच्याकडचं काय? मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरला दहा-बारा वर्षांपूर्वी वर्षाला सव्वातीन-साडेतीन लाख मिळायचे, आजही बहुतेकांना त्याच्याच आसपास मिळतात. पुण्यातली खोलीची भाडी मात्र त्या काळात थांबलेली नाहीत. पगार तेव्हाचा आणि तास दुप्पट, याला राष्ट्रउभारणी म्हणायचं?

जर्मनीचा दाखला देतात. युद्धानंतर ते लोक राबले, कबूल. आज तिथला माणूस वर्षाला सरासरी 1,340 तासांच्या आसपास काम करतो, म्हणजे आठवड्याला 26 (पार्टटाईमवाले धरून, हेही कबूल). आपल्याकडची सरासरी 45 च्या वर आहे. आळशी आपण!

पण मला खरा राग येतो तो आपल्या बाजूने बोलणाऱ्यांचा. 'विश्रांती घेतली की प्रॉडक्टिव्हिटी वाढते' म्हणणारे. रात्री नऊनंतर लिहिलेल्या कोडमधले बग दुसऱ्या दिवशी निस्तरावे लागतात, हे मीही सांगू शकतो आणि ते खरंही आहे. पण एकदा का हा मुद्दा मांडला की रविवार कंपनीचाच झाला. म्हणजे मी दुपारी झोपतो ते सोमवारी चार्ज होऊन यावं म्हणून? मी काय मोबाईल आहे? उद्या कुणी सिद्ध केलं की झोप न घेताही काम तेवढंच होतं, तर झोप सोडायची का?

आणि हा रविवार कुणी दानात दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे नावाचा माणूस, जोतीराव फुल्यांचा सहकारी, 'दीनबंधू' चालवणारा. त्याने 1884 साली कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या. मालकांनी सहा वर्षं दाद दिली नाही. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार बायकाही उभं राहून बोलल्या. शेवटी 10 जून 1890 ला मालकांनी रविवार मान्य केला.

म्हणजे ज्यांच्याकडे ना पीएफ होता ना नोटीस पीरियड, त्यांनी सहा वर्षं भांडून तो मिळवला. आणि आम्ही एसीत बसणारे लोक रविवारी सकाळी 'दहाच मिनिटांचा कॉल आहे रे' असा मेसेज आला की अंगठा दाखवून लॅपटॉप उघडतो. वर सोमवारी ते अभिमानाने सांगतो! आमच्याकडे एकजण आहे, त्याला शनिवार-रविवार मिळून किती तिकिटं बंद केली हे सांगितल्याशिवाय चहा उतरत नाही. मालकापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. मालक नुसती खंत व्यक्त करतो, हा पायंडा पाडतो.

सर्व्हर खरंच कोसळला असेल तर जायला हवं, त्यात वाद नाही. त्यासाठी ऑन-कॉलची पाळी असते, तिचा मोबदला असतो, बदली सुट्टी असते. निदान असायला हवी. पण क्लायंटच्या डेकमधला फॉन्ट बदलणं ही आणीबाणी नव्हे.

माझ्या टीममधल्या पोरांना मी सांगून ठेवलंय. पाळी नसताना रविवारी मेसेज आला तर सोमवारी साडेनऊला उत्तर द्यायचं, कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. गेल्या महिन्यात एकाने खरंच सांगितलं. मॅनेजर तेव्हापासून माझ्याशी फक्त ईमेलवर बोलतोय. अप्रेझल एप्रिलमध्ये आहे. बघू.