देवीचा नारळ, भूमचा खवा आणि वर चॉकलेट

नवरात्र उरकलं की धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत देवघराशेजारी नारळ साठलेले असतात. एक घटावरचा, दोन-तीन ओटीचे, तुळजापूरहून आलेल्या पाहुण्यांनी हातावर ठेवलेला एखादा. कोजागिरीला तिथं चालत जाऊन आलेले शेजारी प्रसाद म्हणून फोडलेल्या नारळाची कवड देतात ती वेगळीच. आमचा जिल्हा काही नारळाचा मुलूख नव्हे. बालाघाटच्या माथ्यावरचं हे कमी पावसाचं पठार. इथं ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन. नारळ येतो दक्षिणेतून, आणि येतो तो मुख्यतः देवीसाठी. भाजीत, आमटीत आम्ही वापरतो ते सुकं खोबरं. ओला नारळ घरात असणं म्हणजे कुठंतरी देवदर्शन झालेलं असणं.

आता या नारळाचं करायचं काय? प्रसादाचा नारळ वाया घालवायचा नसतो. फोडल्यावर दुसऱ्या दिवशी तो आंबूस व्हायला लागतो. मग वड्या होतात. मोठी माणसं आवडीनं खातात, पण लेकरं डबा उघडून बघतात आणि झाकण लावून ठेवतात. हे मी अनेक घरांत पाहिलंय. म्हणून गेली काही वर्षं आमच्या घरी देवीच्या नारळाचे चॉकलेट-खोबऱ्याचे बार होतात: खाली खुसखुशीत बिस्किटाचा थर, मधे खोबऱ्याचा, वर चॉकलेटचा. हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांच्याशी मला मनापासून बोलायचंय.

चॉकलेट आणि खोबरं ही जोडी जगाला नवी नाही. ब्रिटनमध्ये मार्स कंपनीनं १९५१ साली बाउंटी बाजारात आणली. आत गोड ओलसर खोबरं, बाहेर चॉकलेट. ऑस्ट्रेलियात केकचे चौकोनी तुकडे चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवतात, त्यांना लॅमिंग्टन म्हणतात. अमेरिकेत बिस्किटाच्या चुऱ्यावर खोबरं नि चॉकलेट पसरतात, वरून कंडेन्स्ड मिल्क ओततात आणि भाजतात. पण या भाजलेल्या प्रकारातला खोबऱ्याचा थर जवळून पाहिला तर दिसतं काय? खोबरं, साखर आणि बहुधा आटवलेलं दूध. आपली वडी तरी दुसरं काय असते! वडी ताटात थापतात, हा थर भट्टीत भाजतात, एवढाच फरक.

आणि आटवलेलं दूध म्हटल्यावर माझा धाराशिवकर जीव उसळी घेतो. डबाबंद कंडेन्स्ड मिल्कमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त साखरच असते. तुम्ही साखर मोजून घाला की अंदाजानं घाला, डबा उघडला की गोडी ठरून गेलेली असते. खव्याचं तसं नाही. खव्यात दुधाशिवाय काही नसतं. साखर किती, हे आपल्या हातात. आणि खवा कुठला, तर भूम, वाशी, कळंब भागातला. याच भागातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. असा माल दाराशी असताना पाककृतीत लिहिलाय म्हणून कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यासाठी दुकानं पालथी घालायची, हे मला पटत नाही.

या खव्यामागची गोष्ट दुष्काळाची आहे. या डोंगराळ भागात पिकाचा भरवसा कधीच नव्हता. म्हशींनी घरं तगवली. पण दूध विकायला जवळ मोठं शहर नाही, आणि दूध तर काही तासांत नासतं. आटवून खवा केला की ते टिकतं, एसटीत नाहीतर ट्रकमध्ये चढतं, लांबच्या बाजारात पोचतं. म्हणून गावोगावी भट्ट्या उभ्या राहिल्या. भट्टीवर पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो. मोठी लोखंडी कढई, खाली सरपणाचा जाळ, आणि दूध तळाला लागू नये म्हणून सारखं फिरणारं उलथनं. आधी दूध उसळतं, मग जडावतं, मग बुडबुडे फुटायचा आवाज बदलतो आणि शेवटी गोळा कढईच्या कडा सोडून मधे जमतो. त्या क्षणी खाली उतरवला नाही तर रंगही गेला आणि वासही गेला. धुरानं डोळे चुरचुरत असतात, तरी हात थांबवता येत नाही. आता काही ठिकाणी उलथन्याला मोटार लागलीय, काही ठिकाणी सौर विजेवरच्या भट्ट्या आल्यात, आणि ते फार बरं झालं.

कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथंच अन्नत्याग करून सल्लेखना घेतली. दर्शनाला येणारा माणूस परतताना पेढा घेतोच, आणि महामार्गावरच्या सरमकुंडी फाट्यावर गाड्या थांबतात त्याही पेढ्यासाठीच. फाट्यावर खवा मागितला की दुकानदार विचारतात, "ताई, पेढ्याला पाहिजे का गुलाबजामला?" या प्रश्नाचं उत्तर बार करणाऱ्यानं नीट द्यावं. पेढ्याचा खवा कोरडा, घट्ट असतो. भट्टीत तो आणखी सुकतो आणि थर भुसभुशीत होऊन सुरीखाली विस्कटतो. गुलाबजामचा मऊ, ओलसर खवा मागावा. तो खोबऱ्याला धरून ठेवतो. आणि त्यामुळं अंड्याची गरजच पडत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण प्रसादाच्या नारळात अंडं घालायला पुष्कळ घरांत मन घेत नाही, आणि त्या भावनेचा मान राखलाच पाहिजे.

आता कृती. साधारण वीस सेंटिमीटरचा चौकोनी डबा धरून सांगते. खालच्या थराला ७५ ग्रॅम मैदा आणि तेवढंच ज्वारीचं बारीक चाळलेलं पीठ घ्यावं. ज्वारीत ग्लुटेन नसल्यानं भाकरी थापताना उकळत्या पाण्याची मदत लागते. तोच गुण इथं कामी येतो, थर चिवट न होता तोंडात विरघळतो. त्यात दोन मोठे चमचे कोको पावडर, ६० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि ९० ग्रॅम घट्ट तूप. बोटांनी चोळून मिश्रण रवाळ करायचं. मुठीत दाबलं की लाडू वळेल इतपत ओलावा हवा, नाहीतर चमचाभर दूध. डब्यात कागद घालून वाटीच्या बुडानं घट्ट दाबावं आणि १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं भाजावं.

मधला थर करताना घाई करू नये, सगळी चव तिथंच आहे. एका मध्यम नारळाचं खोबरं खवून घ्यावं, पाठीची काळी साल न घेता. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ अर्धं पाणीच असतं. ते तसंच घातलं तर खालचं बिस्कीट भिजून लगदा होतं. म्हणून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतायचं. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त वाफ जाऊ द्यायची. हाताला खोबरं ओलं लागतं पण चिकटत नाही, अशा वेळी त्यात १०० ग्रॅम साखर आणि २०० ग्रॅम मोकळा केलेला खवा घालावा. साखर विरघळली की मिश्रण एकदम सैल होतं. बघणाऱ्याला वाटतं, बिघडलं. बिघडलेलं नसतं. आणखी थोडं परतलं की ते पुन्हा आळतं. चमचाभर कॉर्नफ्लोअर, वेलदोडा, आणि गॅस बंद. भाजलेल्या बिस्किटावर हे पसरून पुन्हा १६० अंशांवर वीस मिनिटं ठेवावं. कडा सोनेरी झाल्या की काढावं.

ओव्हन नसेल तर? आमच्या भागात अजून पुष्कळ घरांत नाही, आणि असला तरी वीज कधी जाईल सांगता येत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर रिंग, वर झाकण. दहा मिनिटं तापवून डबा आत ठेवायचा. प्रेशर कुकर कोरडा तापवायला मी सांगणार नाही. पातेल्यात वरून धग मिळत नाही, त्यामुळं खोबऱ्याला रंग चढत नाही. त्यावर सोपा उपाय आहे: वाटीभर खोबरं वेगळं काढून तव्यावर बदामी भाजावं आणि थरावर भुरभुरावं. आमच्या आज्या नानकटाई करायच्या तेव्हा डब्याच्या झाकणावरही निखारे ठेवायच्या, ते याच वरच्या धगीसाठी.

नानकटाईवरून बेकरी आठवली. दिवाळीच्या आधी पीठ, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत जायचं, आपल्या डोळ्यांसमोर माल करून घ्यायचा, ही पद्धत पुष्कळ गावांत अजून आहे. दुपारी पाव निघून गेला की भट्टी जराशी निवते, आणि मग बायकांचा नंबर लागतो. बाकड्यावर, पोत्यांवर, पायरीवर ज्या त्या आपापला डबा धरून बसलेल्या. कामगार पत्रे भरतो, लांब दांड्याच्या फावड्यानं आत सरकवतो. घरच्या तुपाचा वास रस्त्यापर्यंत येतो. बेकरीवाल्या काकांना विचारलं तर खोबऱ्याच्या बारचा पत्रासुद्धा ते लावून देतात. विटांच्या भट्टीतली सगळीकडून येणारी सारखी धग छोट्या ओव्हनला साधत नाही. ज्यांच्या गावात अशी भट्टी आहे त्यांनी ती सोडू नये.

वरचा थर चॉकलेटचा, आणि इथं आपलं ऊन आडवं येतं. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून बाजारात सगळीकडं कंपाउंड चॉकलेटच्या लाद्या दिसतात; त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. ती उन्हाला जरा जास्त टिकते, स्वस्तही पडते, पण टाळूला मेणासारखी चिकटून राहते आणि खव्याची चव मारून टाकते. इतका चांगला खवा घेऊन वर कंपाउंड ओतणं मला तरी जिवावर येतं. पाकिटामागची यादी वाचावी. कोको बटर लिहिलेलं असेल ते घ्यावं. दीडशे ग्रॅम चॉकलेट कोरड्या भांड्यात, खाली गरम पाणी, भांड्याचं बूड पाण्याला न टेकवता वितळवायचं. पाण्याचा एक थेंब पडला तरी ते आक्रसून गोळा होतं. चमचाभर खोबरेल, अर्थात खाण्याचं, घातलं की थर कापताना तडकत नाही. गार झालेल्या खोबऱ्यावर पसरायचं आणि पूर्ण घट्ट होण्याआधीच गरम सुरीनं वड्यांसारखं कापायचं.

म्हणून यालाही ऋतू आहे. पौषातलं शाकंभरी नवरात्र सर्वांत उत्तम. तुळजापुरात तेव्हाही मोठा उत्सव असतो, घरात नारळ असतात, आणि थंडीनं चॉकलेट फ्रीजशिवाय आळतं. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा होते. यात्रेच्या रिवाजाप्रमाणे चुनखडीचे खडे वेचून माणसं परततात तेव्हाही घरी नारळ येतात, पण त्या उन्हात वरचा थर टाळलेला बरा. त्याऐवजी खोबऱ्यातच दोन चमचे कोको घालून भाजावं. रंगानं काळसर, चवीला किंचित कडवट. मला तर तो प्रकार जास्त आवडतो.

देवीच्या प्रसादात चॉकलेट चालतं का, असं मला एका वयस्कर बाईंनी विचारलं होतं. मी म्हटलं, मावशी, खोबरं आणि खवा तर तुमच्याच वडीतला आहे, आणि कोको हे झाडाचं बी. केरळात, आंध्रात नारळाच्याच बागांत, नारळाच्या सावलीत ते पिकतं. त्यांनी एक तुकडा घेतला. पुढं काही बोलल्या नाहीत, पण नातवासाठी दुसरा मागून घेतला.

माझ्या मनात एक गोष्ट बरेच दिवस आहे. आमचा खवा पोत्यांत भरून मोठ्या शहरांत जातो आणि तिथं त्याची मिठाई होते. मिठाईचा पैसा तिथं राहतो. भट्टीवरच्या बाईच्या हाती खव्याच्या किलोचा भाव पडतो, तोही सणासुदीला चढतो आणि एरवी घसरतो. भूमच्या नाहीतर वाशीच्या एखाद्या बचत गटानं हे बार करून विकावेत, असं मला फार वाटतं. अडचण टिकाऊपणाची आहे. ओलं खोबरं आणि खवा एकत्र आले की बाहेर एक-दोन दिवस, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, त्यापुढं नाही. लांबच्या बाजारात पाठवण्याचा हा माल नव्हे. सकाळी भाजावा, दुपारी कापावा, संध्याकाळपर्यंत संपावा, एवढाच करावा लागेल. मंगळवारी आणि शुक्रवारी तुळजापुरात तेवढं गिऱ्हाईक नक्की आहे.